अमेरिकेत नववीत शिकणाऱ्या बास्केटबॉलपटूने कॉलेजच्या संघासाठी तयारी कशी करावी?

आपण लिहिले आहे की मुलगा अमेरिकेत नववीत आहे, शाळेच्या कनिष्ठ संघातून बास्केटबॉल खेळतो, पुढे कॉलेजच्या संघात जागा आणि जमल्यास शिष्यवृत्ती मिळावी अशी त्याची इच्छा आहे. आणि एका खासगी सेवेने प्रशिक्षकांपर्यंत त्याचे नाव पोहोचवण्यासाठी काही हजार डॉलर मागितले आहेत, ते द्यावेत का. मी काही वर्षे तिथल्याच एका हायस्कूल संघाचा साहाय्यक प्रशिक्षक होतो आणि या प्रक्रियेतून गेलेली मुले व त्यांचे पालक जवळून पाहिले आहेत. माझे मत असे की ते पैसे देऊ नयेत, कारण ही सेवा जे करून देते ते सर्व मुलगा स्वतः करू शकतो आणि त्याने स्वतः केलेलेच प्रशिक्षकांना अधिक भावते. पण त्याआधी एक निकडीचे काम आहे, आणि ते कोर्टवरचे नसून वर्गातले आहे.

कॉलेजला लागणारे गुण अकरावी-बारावीत पाहू, असे अनेक पालक मानतात. कॉलेजच्या खेळांचे नियमन करणारी संस्था एनसीएए हिचे नियम मात्र नववीपासूनचे गुण मोजतात. एनसीएएच्या तीन पातळ्यांपैकी सर्वांत वरच्या डिव्हिजन वनमध्ये पहिल्याच वर्षी खेळण्यास पात्र ठरायचे तर नववी ते बारावी या चार वर्षांत १६ कोर कोर्स (एनसीएएने मान्य केलेले मुख्य विषय) पूर्ण व्हावे लागतात. त्यांत इंग्रजीची ४ वर्षे, अल्जेब्रा वन किंवा त्यापुढच्या गणिताची ३ वर्षे, विज्ञानाची आणि सामाजिक शास्त्रांची प्रत्येकी २ वर्षे आणि उरलेले ठरावीक प्रकारचे विषय असतात. यांपैकी १० कोर्स बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागतात, त्या १० मधले ७ इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांतलेच असावे लागतात, आणि कोर विषयांची सरासरी ४ पैकी किमान २.३ असावी लागते. डिव्हिजन टूसाठी ती २.२ आहे. बारावी सुरू झाली की त्या १० कोर्सचे गुण गोठतात, म्हणजे एखादा विषय पुन्हा घेऊन डिव्हिजन वनच्या पात्रतेसाठी सरासरी वाढवता येत नाही. शाळेतला प्रत्येक विषय कोर म्हणून मान्य असतोच असे नाही. घाईने गुण भरून काढण्यासाठी घेतलेले काही ऑनलाइन कोर्स तर अनेकदा मोजलेच जात नाहीत. म्हणून याच महिन्यात शाळेच्या समुपदेशकांना भेटून शाळेची मान्य विषयांची यादी पाहावी आणि चारही वर्षांचे विषय कागदावर मांडून घ्यावेत. एनसीएएने २०२३ च्या जानेवारीत पात्रतेसाठीची एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांची अट काढून टाकली, तरी प्रवेशासाठी एखादे कॉलेज हे गुण मागू शकते.

अभ्यासाचा मुद्दा इतका वेळ घेऊन सांगण्यामागे दुसरेही कारण आहे. आयव्ही लीगची आठ विद्यापीठे डिव्हिजन वनमध्ये खेळतात, पण खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत; डिव्हिजन थ्रीमधली चारशेहून अधिक कॉलेजेही देत नाहीत. तिथे मिळणारी मदत गुणवत्तेवर किंवा कुटुंबाच्या आर्थिक गरजेवर ठरते. त्यामुळे चांगले गुण असलेल्या मुलासाठी संघात घेण्याचा विचार करू शकणाऱ्या कॉलेजांची संख्या पुष्कळ वाढते, आणि दोन सारख्या खेळाडूंमध्ये निवड करायची वेळ आली की ज्याच्या प्रवेशाची चिंता नाही त्याच्याकडे प्रशिक्षक झुकतात.

आता पातळीविषयी. एनसीएएच्या स्वतःच्या अंदाजानुसार हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांपैकी सुमारे ३.५ टक्के मुले एनसीएएच्या कोणत्याही संघात पोहोचतात आणि डिव्हिजन वनमध्ये साधारण १ टक्का. अलीकडे ही वाट आणखी अरुंद झाली आहे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंदयादी, सुरू झाले, २०२१ मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली आणि २०२४ मध्ये अभ्यासात नियमित असलेल्या खेळाडूला कितीही वेळा तसे करता येऊ लागले. परिणामी प्रशिक्षकासमोर एका बाजूला अठरा वर्षांचा नवखा मुलगा असतो आणि दुसऱ्या बाजूला बाविशीचा, शरीराने भरलेला, कॉलेजचे दोन-तीन मोसम खेळलेला खेळाडू. नोकरी टिकवायची असलेला प्रशिक्षक बहुधा दुसऱ्याला निवडतो. यात मुलाचा दोष नाही, मात्र तयारी करताना हे वास्तव धरून चालावे लागते.

म्हणून डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री, एनएआयए (लहान कॉलेजांची वेगळी क्रीडासंघटना) आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजे यांना कमी लेखू नये, असे मी कळकळीने सांगतो. डंकन रॉबिन्सन डिव्हिजन थ्रीच्या विल्यम्स कॉलेजमध्ये एक वर्ष खेळला, तिथून मिशिगन विद्यापीठात गेला आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, निवड न होताही मायामी हीटकडून एनबीएमध्ये उभा राहिला. एनबीएतला जिमी बटलरही टेक्सासमधल्या टायलर ज्युनियर कॉलेजातून मार्क्वेट विद्यापीठात आला होता. अशी उदाहरणे विरळ आहेत हे खरे. पण योग्य पातळीवर रोज पंचवीस मिनिटे खेळणारा मुलगा सुधारतो आणि वरच्या पातळीवर बाकावर बसलेला बहुतेकदा जागीच राहतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. पातळी ओळखण्याचा सोपा उपाय असा की मुलाला घेऊन तिन्ही डिव्हिजनचा एकेक सामना प्रत्यक्ष जाऊन पाहावा. दूरदर्शनवर न जाणवणारा वेग आणि धक्क्यांचा जोर मैदानाशेजारी बसल्यावर लगेच जाणवतो. त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकालाही स्पष्ट विचारावे, आणि मिळालेले उत्तर आवडले नाही तरी शांतपणे ऐकावे.

खेळाच्या तयारीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते कोर्टवर खेळायच्या जागेकडे (पोझिशनकडे). हायस्कूलमध्ये सहा फूट तीन इंचांचा मुलगा बास्केटजवळ खेळून सहज गुण मिळवतो, पण कॉलेजमध्ये त्या उंचीचा खेळाडू बहुधा गार्ड, म्हणजे बास्केटपासून दूर राहून चेंडू हाताळणारा खेळाडू, म्हणूनच खेळतो. त्याला दबावाखाली चेंडू हाताळता आणि बाहेरून नेम धरता आला नाही तर त्याच्यासाठी संघात जागाच उरत नाही. म्हणून आज तो कुठे खेळतो यापेक्षा त्याच्या उंचीचे खेळाडू कॉलेजमध्ये काय करतात हे पाहून सराव ठरवावा. थ्री-पॉइंटरचा (दूरच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या फेकीचा) सराव दमलेल्या पायांनी करावा, बास्केटजवळ डाव्या हातानेही चेंडू आत टाकायला शिकावे आणि स्वतःहून जलद खेळाडूसमोर बचाव करण्याची सवय लावावी. सामना पाहायला आलेले प्रशिक्षक गुणांइतकेच इतर गोष्टींकडे लक्ष देतात: चेंडू गमावल्यावर मुलगा परत धावतो की हात उडवतो, बचावात सहकाऱ्यांशी बोलतो का, बदलून बाहेर काढल्यावर बाकावर कसा बसतो. स्टँडमधून मुलाला सूचना ओरडणारे पालकही त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत.

शरीराबाबत थोडक्यात सांगतो. या वयात पुरेशी झोप, आठवड्यातून एक पूर्ण विश्रांतीचा दिवस आणि उडीनंतर गुडघे आत न वळता जमिनीवर येण्याचे तंत्र या गोष्टी जड वजने उचलण्यापेक्षा आधी याव्यात.

संपर्काचे नियम अनेकांना उलटे समजलेले असतात. मुलांच्या बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन वनचे प्रशिक्षक दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपासून खेळाडूशी पत्रव्यवहार आणि फोन करू शकतात. बंधन प्रशिक्षकांवर आहे. खेळाडू मात्र केव्हाही लिहू शकतो. पुढे एनबीएत चमकलेल्या जा मोरँटला मरी स्टेट विद्यापीठाच्या साहाय्यक प्रशिक्षकाने हेरले ते दुसऱ्याच खेळाडूला पाहायला आलेले असताना, बाजूच्या लहान जिममध्ये. ही कथा सुंदर आहे, पण असा योग जुळून येईल या भरवशावर बसू नये. दहावीत वीस-पंचवीस कॉलेजांची यादी करावी, तिथे त्याच्या जागेवर सध्या कोण आहेत आणि कोणाचे शेवटचे वर्ष आहे ते पाहावे, आणि मुख्य प्रशिक्षकांऐवजी भरती पाहणाऱ्या साहाय्यक प्रशिक्षकाला नावाने पत्र लिहावे. पत्र मुलानेच लिहावे, पालकांनी नव्हे. त्यात उंची, जागा, सरासरी गुण, पुढच्या सामन्यांच्या तारखा, शाळेच्या प्रशिक्षकाचा फोन आणि चित्रफितीचा दुवा असावा. चित्रफीत तीन मिनिटांपेक्षा मोठी नसावी, उत्तम खेळ सुरुवातीलाच यावा, त्यात बचाव आणि पास असावेत, आणि सोबत एक पूर्ण सामनाही द्यावा, कारण ज्याला खरेच रस आहे तो प्रशिक्षक पूर्ण सामना मागतोच. पार्श्वसंगीताची गरज नाही. उन्हाळ्यातल्या एएयू संघाची (शाळेबाहेरच्या क्लब संघाची) निवड करताना नावापेक्षा खेळायला मिळणारा वेळ पाहावा, आणि एनसीएएच्या ठरावीक मूल्यमापन कालावधीत तो संघ मान्यताप्राप्त स्पर्धांत उतरतो का हे विचारावे, कारण डिव्हिजन वनचे प्रशिक्षक शाळेबाहेरच्या स्पर्धा पाहायला त्याच काळात येतात.

कॉलेजच्या शिबिरांची आमंत्रणे ढिगाने येतील. त्यांतली बरीचशी शेकडो मुलांना एकदम पाठवलेली असतात आणि शुल्क हाच त्यांचा हेतू असतो. प्रशिक्षकाने त्याच्या एखाद्या सामन्याचा उल्लेख करून स्वतः लिहिले असेल, तरच त्या आमंत्रणावर खर्च करावा.

आणि जेव्हा एखादा प्रशिक्षक “तुझ्यासाठी जागा आहे” असे म्हणेल, तेव्हा आनंद जरूर व्हावा, पण तोंडी शब्द कोणावरच बंधनकारक नसतो. पूर्वीचे नॅशनल लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे त्याच कॉलेजात जाण्याचे खेळाडूचे सहीचे वचनपत्र, २०२४ मध्ये बंद झाले. आता महत्त्वाचा कागद म्हणजे आर्थिक मदतीचा लेखी करार. त्यावर सही करण्यापूर्वी मुलाने तीन गोष्टी विचाराव्यात: ही मदत एका वर्षाची आहे की अनेक वर्षांची, दुखापत झाली तर तिचे काय होईल, आणि त्याच्या जागेवर पोर्टलमधून आणखी कोणाला घेण्याचा विचार आहे का. तिसऱ्या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देणारा प्रशिक्षक भेटला, तर ते कॉलेज यादीत वर घ्यावे.