ग्लुकोज तोंडावाटे गेलं काय किंवा सलाइनमधून चढवलं काय, शरीराला फरक पडतो का?

पडतो, आणि चांगलाच पडतो. तुमचा मुद्दा असा, की ग्लुकोज शेवटी ग्लुकोजच, मग ते कुठल्या वाटेने रक्तात आलं याच्याशी शरीराला काय देणंघेणं? शिवाय तुम्ही विचारलंय, की गोड चहा घेतला की तासाभरात पुन्हा भूक का लागते. मी डॉक्टर नव्हे. गोव्यात डिचोलीत माझी फार्मसी आहे आणि गेली नऊ वर्षं मलाही मधुमेह आहे, त्यामुळे हा विषय काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलाय.

आतड्यात घातलेल्या ग्लुकोजने शिरेतल्यापेक्षा जास्त इन्सुलिन सुटतं, हे 1964 साली मोजमापाने दिसलं. पुढे रक्तातली पातळी मुद्दाम सारखी ठेवून पाहिलं, तरी फरक कायम. निरोगी माणसात ग्लुकोज प्यायल्यावर सुटणाऱ्या इन्सुलिनचा अर्ध्याहून जास्त वाटा या आतड्याच्या कृपेने येतो. साखर रक्तात पुरती पोचायच्या आधीच आतडं इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाला वर्दी देतं, माल येतोय म्हणून. ही वर्दी लागतेच, कारण पाच लिटर रक्तात एरवी ग्लुकोज असतं जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. आपण एका ताटात त्याच्या दहापट सहज खातो.

वर्दी देणाऱ्या पेशी लहान आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या असतात. त्यांच्यावर एक दार असतं, ते सोडियमचा हात धरून ग्लुकोजला आत घेतं (ओआरएसमध्ये मीठ आणि साखर दोन्ही लागतात ते यामुळेच). ग्लुकोज आत शिरलं की पेशी हॉर्मोन सोडते; जीआयपी आणि जीएलपी-१ ही त्यातली दोन. आतड्याच्या वरच्या भागात जीआयपीवाल्या पेशी जास्त, खाली जीएलपी-१वाल्या. जीएलपी-१ इन्सुलिन वाढवतं, यकृताला साखर सोडायला लावणाऱ्या ग्लुकागॉनला आवरतं, जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला सांगतं, पुरे आता.

आता तुमचा चहा. त्यातली साखर विरघळलेली, चावायचं काही नाही, जठरात रेंगाळायचं कारण नाही. ती वरच्यावरच शोषली जाते, खालच्या पेशींपर्यंत फारसं काही पोचत नाही. त्यात साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज, ते दुसऱ्याच दाराने जातं आणि इन्सुलिनला जवळजवळ हलवत नाही. साखर भरभर चढते, काहींची तशीच भरभर उतरते, कधी सुरुवातीच्या पातळीच्याही खाली जाते. भूक लागते ती तिथे.

गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) मी घरीच एक उद्योग केला. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी दोन पातोळ्या खाल्ल्या, दीड तासाने बोट टोचून साखर पाहिली: 238. दोन दिवसांनी तेवढ्याच पातोळ्या, पण आधी वाटीभर मुगागाठी (मुगाची उसळ) आणि भरपूर खतखतें (मिश्र भाज्यांचं कालवण), भात नाही. दीड तासाने 179. सणासुदीला बोटं कसली टोचता म्हणून बायको वैतागली. एका माणसाचं एकदाचं मोजमाप, त्याला पुरावा म्हणू नका. पण कारण उघड आहे: डाळ, भाजी, खोबरं आधी गेलं की जठर हळू सोडतं आणि पातोळीतला गूळ-तांदूळ थोडाथोडा करत खालपर्यंत पोचतो.

टाइप 2 मधुमेहात ही वर्दी क्षीण होते. शिवाय शरीरातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मं तुटून जातं. ते तोडणारं एन्झाइम अडवणाऱ्या गोळ्या म्हणजे ग्लिप्टिन. इंजेक्शनमधलं रूप सहजी तुटत नाही. त्यातलं पहिलं औषध 2005 साली आलं, ते गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या रेणूवरून.

व्होग्लिबोजचं मात्र सगळ्यांना सांगतो. मधुमेहाची ही गोळी आतड्यात पिष्ट आणि साखर फोडणारी एन्झाइमं अडवते. न पचलेलं खाली जातं, म्हणून पोट फुगतं, गिऱ्हाइकं कुरकुरतात. एकदा दुपारी दुकान बंद करता करता शेजारच्या गल्लीतल्या काकी धावत आल्या. काकांना दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. साखर 52. ते ग्लिमेपिराइड (इन्सुलिन वाढवणारी गोळी) आणि व्होग्लिबोज दोन्ही घेत होते, जेवण टळलं होतं. काकींनी तीन चमचे साखर पाण्यातून पाजली होती, वीस मिनिटं होऊन गेली तरी काही फरक नाही. साखर फुटल्याशिवाय तिच्यातलं ग्लुकोज मोकळं होत नाही, आणि फोडणारी एन्झाइमंच अडवलेली. शुद्धीवर होते, गिळत होते, म्हणून मी ग्लुकोज पावडर पेलाभर पाण्यात घोळवून दिली. पंधरा मिनिटांनी काका विचारायला लागले, दुकान उघडं टाकून आलास काय रे?

तेव्हापासून व्होग्लिबोजच्या पट्टीबरोबर ग्लुकोजचं पाकीट पुढे करतो. काहींना वाटतं, मी माल खपवतोय.