गाढव उभं आहे म्हणजे बरं आहे, असं नाही

विटभट्ट्या पेटल्या की विटा वाहणाऱ्या गाढवांबद्दल तेच प्रश्न पुन्हा येतात. जनावर न पाहता मी नुसती दिशा सांगू शकतो, औषध नाही.

पाठ सोलली आहे. जळकं ऑइल लावलं की माश्या बसत नाहीत. चालेल ना? (कन्हान)
नाही. मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, जखम भरेपर्यंत ओझं बंद ठेवा, आणि खोगिराखाली घातलेलं प्लॅस्टिकचं पोतं आजच फेका.

खुरात खिळा गेला होता. काढला, आता लंगडत नाही. (उमरेड रोड)
तरी आजच दवाखान्यात न्या. धनुर्वात वरून बुजलेल्या जखमेतच वाढतो. कान ताठ झाले, डोळ्यावर पांढरा पडदा सरकला, की उपचार फार अवघड होतात.

तापलेल्या अंगावर गार पाणी ओतलं तर लकवा मारतो म्हणतात. (कोराडी)
म्हणणाऱ्यांना म्हणू द्या. धापा टाकत असेल तर सावलीत घ्या, अंगभर पाणी ओतत राहा, प्यायला स्वच्छ पाणी द्या (घाण पाण्याला गाढव तोंड लावत नाही) आणि डॉक्टरांना बोलवा. पण नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) भरदुपारी त्याला जुंपताच कशाला? ओझ्याच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 काम घेता येत नाही. ओझ्याची मर्यादा 50 किलो. 3 किलोची वीट धरली तरी 16 विटा झाल्या.

गाभण गाढवी दोन दिवसांपासून सुस्त आहे. पण उभी आहे, कुटारात (भुशात) तोंडही घालते. दुकानदारानं ताकदीचं इंजेक्शन दिलंय. टोचू का? (कामठी)
टोचू नका. भाऊ, दोन दिवस वाट कशाची पाहिली?

बैल दुखलं तर दाखवतो. गाढव दाखवत नाही, मान खाली घालून उभं राहतं. तोंड कुटारात असतं, जबडाही हलतो, पण गिळणं नसतं. म्हणून तोंडाकडे नाही, गव्हाणीकडे पाहा: कुटार कमी झालं का? लीद रोजच्याइतकी पडली का? गाढवाचं खाणं तुटलं की अंगातली चरबी सुटून रक्तात उतरते. रक्त काचेच्या नळीत ठेवलं तर वरचं पाणी दुधाळ दिसतं. मग यकृत जातं आणि जनावर जातं. गाभण, दूध पाजणाऱ्या आणि लठ्ठ माद्यांना धोका सगळ्यात जास्त. मूळ कारण दात, पोटशूळ, उन्हाचा ताण, काहीही असू शकतं. सोबतचं गाढव विकलं तरी काही जणी खाणं सोडतात.

त्या ‘ताकदीच्या’ बाटलीत बहुधा स्टेरॉइड असतं. त्यानं हाच आजार बळावतो, खूरही बिघडू शकतात. दुकानदाराची बाटली खपते, गाढवी तुमची मरते. आजच 1962 या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा, नाहीतर नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात न्या. जोडीचं गाढव असेल तर तेही सोबत न्या. तोवर कोवळा हिरवा चारा हातानं भरवून पाहा. नळीनं काही पाजू नका, फुफ्फुसात जाईल.

नाकातून पिवळा चिकट शेंबूड येतो, पायावर गाठी फुटल्यात. बाजारात काढून टाकू? (हिंगणा)
अजिबात नाही. साधी सर्दीही असेल, पण ग्लँडर्स, म्हणजे घोड्या-गाढवांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग, असू शकतो. तो माणसालाही होतो आणि जनावरासाठी त्यावर लस नाही. वेगळं बांधा, पाण्याची बादली वेगळी ठेवा, उघड्या हातानं नाक पुसू नका आणि सरकारी पशुवैद्यकांना कळवा. कळवणं कायद्यानंच बंधनकारक आहे. रक्ताचा नमुना ते घेतील. अहवाल येईपर्यंत ते जनावर कुणाच्याही दावणीला जाता कामा नये.