पिकअप बदलण्याआधी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या

वाद्यदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपबद्दलची, म्हणजे तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाबद्दलची आहेत. गॅदरिंगचे दिवस जवळ आलेत, हे त्यावरून कळतंच. म्हणून ही पानं आज पूर्ण त्याच विषयाला दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे स्ट्रॅटच्या धाटणीची, तीन सिंगल कॉइल (एकेका गुंडाळीच्या) पिकअपची गिटार आहे. सहावी, जाड तार बाराव्या फ्रेटच्या पुढे वाजवली की सूर डळमळतो. ट्यूनरचा काटा एका जागी थांबत नाही. इंटोनेशन (तारेची लांबी जुळवणं) करून घेतलं, फरक पडला नाही. दुकानदार म्हणतात, पिकअप हलके आहेत, बारा किलोओमचे टाका. टाकू का? (इचलकरंजी)

उत्तर : इतक्यात नको. तुम्ही लिहिलेलं लक्षण नव्या पिकअपनं जाईलच असं नाही, जास्त ताकदीचं चुंबक आलं तर वाढेलही. पिकअपमध्ये लोहचुंबक असतं आणि वर तार पोलादाची. नेककडचं पिकअप तारेच्या फार जवळ आलं की चुंबक तारेला स्वतःकडे ओढत राहतं. मग तार उभी एका गतीनं हलते आणि आडवी दुसऱ्या. एकाच तारेतून दोन जवळजवळचे सूर निघतात आणि कानाला ती डळमळ ऐकू येते. पोलच्या, म्हणजे तारेखालच्या खुंट्यांच्या, जागी अल्निको ५ या मिश्रधातूच्या चुंबकाच्याच कांड्या असलेल्या पिकअपमध्ये ही ओढ सर्वांत जास्त जाणवते. सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) पुढेमागे करून ती जाणार नाही, कारण दोष तारेच्या लांबीत नाहीच.

आता असं करा. सहावी तार अगदी शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा. तारेच्या खालच्या कडेपासून पोलच्या माथ्यापर्यंतचं अंतर बघा. जुन्या धाटणीच्या अल्निको सिंगल कॉइलसाठी जाड तारेखाली सुमारे २.४ मि.मी. आणि पातळ तारेखाली सुमारे २ मि.मी. ही सुरुवात चांगली. पोलादी पट्टी चुंबकाला चिकटते आणि अंतर नीट वाचता येत नाही, म्हणून प्लास्टिकची घ्या. त्याहून सोपं म्हणजे १ मि.मी. छापलेली, गिटार वाजवायची दोन पिकं एकावर एक ठेवून तारेखाली सरकवा, ती पातळ तारेखाली जेमतेम आणि जाड तारेखाली जराशी सैल गेली पाहिजेत.

पिकअपच्या दोन टोकांना दोन स्क्रू असतात. एका वेळी अर्धाच आटा फिरवायचा, मग वाजवून ऐकायचं. काही गिटारींत स्क्रू खाली येतो पण पिकअप येत नाही, कारण आतली स्प्रिंग किंवा रबराची नळी अडकलेली असते. तेव्हा कव्हरवर अंगठ्यानं हलकं दाबा, स्क्रूवर जोर करू नका. आधी नेकचं पिकअप खाली घ्या आणि तीच जाड तार बाराव्या फ्रेटच्या पुढे वाजवा. डळमळ थांबली की तिथेच थांबा. मग मधलं आणि ब्रिजचं पिकअप त्याच्या आवाजाला जुळवा. ब्रिजजवळ तार कमी हलते, म्हणून ते पिकअप तारेच्या थोडं जवळ लागतं. हे सगळं करताना अँपची बटणं अजिबात हलवायची नाहीत, नाहीतर बदल कशामुळे झाला ते कळणार नाही.

किलोओमबद्दल मला जरा मोठ्यानं बोलायचं आहे, कारण हा आकडा दाखवून फार लोकांचे पैसे खर्च करवले जातात. किलोओम म्हणजे गुंडाळीतल्या तांब्याच्या तारेचा रोध. आवाजाचं ते माप नव्हे. तार बारीक केली की फेरे तेवढेच ठेवूनही आकडा चढतो. टेलिकास्टरच बघा. परंपरेनं तिच्या नेकच्या पिकअपला ब्रिजच्या पिकअपपेक्षा बारीक तार, म्हणजे ४२ ऐवजी ४३ गेजची. त्यामुळे नेकचा आकडा पुष्कळदा ब्रिजच्या बरोबरीचा किंवा जास्तच भरतो, पण आवाज मऊ असतो. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो. पंचवीस अंशांच्या एसी खोलीत ६ किलोओम दाखवणारं पिकअप नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पंचेचाळीस अंशांत साधारण साडेसहा दाखवेल. त्यानं ते तेवढं जोरकस झालं का? फेरे किती, चुंबक कोणतं, पिकअप तारेपासून किती लांब, हे सगळं मिळून आवाज ठरतो. बारा किलोओमच्या सिंगल कॉइलमध्ये सहसा फेरे खूप असतात, त्यामुळे आवाज भरदार होतो आणि वरची चकाकी जाते. तुम्हाला तसा आवाज हवा असेल तर जरूर घ्या, पण तो ऐकून घ्या, आकडा वाचून नको.

प्रश्न : काका, मी हॉस्टेलवर राहतो. गिटार अँपला लावली की सतत ‘हं’ असा आवाज येतो. तारांना हात लावला की कमी होतो. माझं पिकअप गेलंय का? हंबकर टाकला तर थांबेल का? (नाशिक)

उत्तर : पिकअप गेलेलं नाही रे. तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो म्हणजे ब्रिजला जाणारी ग्राउंडची वायर शाबूत आहे. हात लावल्यावर वाढला असता, तर मी आधी ती वायर आणि जॅक उघडून बघायला सांगितलं असतं.

आता गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आण. तरी गुणगुण चालूच राहिली तर दोष केबलचा, अँपचा किंवा तुझ्या खोलीतल्या विजेचा. शून्यावर थांबली तर ती पिकअपमधून येतेय. मग व्हॉल्यूम वाढवून खुर्चीवर बसूनच हळूहळू गोल फिर. एका दिशेला आवाज जवळजवळ नाहीसा होत असेल, तर जवळपासचा ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा चोक किंवा पंख्याचा रेग्युलेटर त्याचं मूळ आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५० आणि १०० हर्ट्झचा तो जाड गुणगुणाट सिंगल कॉइलमध्ये शिरतोच. गिब्सनच्या सेठ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्या पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो हंबकर नेमका यावरच होता. दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडायच्या आणि त्यांचे चुंबकी ध्रुवही उलट ठेवायचे. बाहेरचा गुणगुणाट दोन्हींत एकमेकांविरुद्ध येऊन विरतो, तारेचा सूर मात्र एकत्र येतो.

तुझ्या गिटारीला पाच जागांचा स्विच असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ठेवून बघ. आता पुष्कळ गिटारींत मधलं पिकअप उलट गुंडाळलेलं असतं, तिथे गुणगुण गप्प होते. तसं असेल तर नवीन काही घेऊ नकोस.

दुसरी किरकिर असते, चिरकी, ‘झ्झ’ अशी. तिच्यावर आतल्या खाचेत तांब्याची चिकटपट्टी लावणं हा खरा उपाय. पुण्याच्या टापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ती मिळते. सगळे तुकडे एकमेकांशी सोल्डरनं जोड, मल्टिमीटर लावून प्रत्येक तुकड्यावर बीप येतोय ना ते बघ आणि एक वायर व्हॉल्यूम पॉटच्या (बटणाखालच्या धातूच्या डबीच्या) पाठीला दे. जॅकचं आणि स्विचचं सिग्नलचं टोक पट्टीला टेकता कामा नये, तिथे इन्सुलेशन टेप लाव. जाड गुणगुण मात्र या पट्टीनं जाणार नाही. चुंबकी लहरींना पातळ तांबं अडवत नाही.

आणि एक गोष्ट, ती मात्र आजच कर. हॉस्टेलच्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, ते वायरमनला बोलावून तपासून घे. अँपच्या तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन काढून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून कधीही वाजवू नकोस. गिटारच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात. ओठ माइकला लागले आणि हात तारांवर असला, तर अर्थिंगचा दोष थेट तुझ्या अंगातून जातो. जरा जरी मुंग्या जाणवल्या तर प्लग काढ आणि आधी ते दुरुस्त करून घे. गुणगुण सहन करता येते, हे नाही.

प्रश्न : लेस पॉलच्या धाटणीच्या गिटारमध्ये ब्रिजला डिमार्झिओचा हंबकर मी स्वतः बसवला. आधीच्या सिमोर डंकनच्या पिकअपच्या आकृतीप्रमाणेच रंग जोडले. आता ब्रिजचं पिकअप एकटं वाजवलं तरी आवाज नाकातून आल्यासारखा आणि पातळ येतो, वर गुणगुणही आहे. (ठाणे)

उत्तर : ताई, तुम्ही पत्रात वायरींचा फोटो जोडला हे फार बरं केलंत. सोल्डरिंग चकचकीत आणि नेटकं आहे. गोंधळ फक्त रंगांचा आहे. या दोन कंपन्यांचे रंग सारखे दिसतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

डंकनमध्ये काळी वायर सिग्नलची, पांढरी आणि लाल एकमेकींना जोडून टेप लावायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, काळी आणि पांढरी एकमेकींना जोडायच्या, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओची एक गुंडाळी लाल ते काळी अशी आहे आणि दुसरी पांढरी ते हिरवी. तुम्ही काळी सिग्नलला देऊन लाल-पांढरी जोडलीत, त्यामुळे पहिली गुंडाळी उलटी लागली. परिणामी तारेचे सूर एकमेकांना खातात आणि बाहेरचा गुणगुणाट मात्र दुप्पट होतो. तुम्ही लिहिलेलं लक्षण अगदी तेच आहे.

वायरी सोडवल्यावर खात्री करून घ्या. मल्टिमीटर २० किलोओमवर ठेवून लाल आणि काळी यांच्यात मोजा. पिकअपच्या एकूण रोधाच्या निम्म्याच्या आसपास आकडा येईल. पांढरी आणि हिरवी यांच्यातही तसाच. लाल आणि पांढरी यांच्यात काहीच दिसता कामा नये. मग वर दिल्याप्रमाणे जोडा. पॉटच्या पाठीवर सोल्डर करताना २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री कमी पडते, टोक फार वेळ टेकवून ठेवावं लागतं आणि आतला कार्बनचा पट्टा भाजतो. तिथे ५०-६० वॅटची घ्या, पाठ आधी बारीक पॉलिश पेपरनं घासा आणि काम चटकन उरका. हंबकरला पॉट ५०० किलोओमचे हवेत. २५० चे असतील तर आवाज जरा गुदमरलेला वाटेल.

हे झाल्यावरही दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज पातळ झाला, तर दोन पिकअपांची फेज उलट आहे, म्हणजे एकाचा सूर दुसऱ्याच्या विरुद्ध येतोय. मग डिमार्झिओच्या लाल आणि हिरव्या वायरींची अदलाबदल करा, उघडी वायर ग्राउंडलाच राहू द्या.

प्रश्न : आवाज वाढवला, डिस्टॉर्शन लावलं की गिटार किंचाळते. पावसाळ्यानंतर सुरू झालं. पिकअपमध्ये पाणी गेलं असेल का? (मडगाव)

उत्तर : तारा तळहातानं पूर्ण दाबून धरा. किंचाळणं थांबलं तर तो तारांचा फीडबॅक, अँपपासून दूर उभे राहा. तरी चालू राहिलं तर गुंडाळीच्या वायरी किंवा पिकअपचं कव्हर सैल होऊन थरथरतंय. प्लास्टिकच्या पेनानं पिकअपवर हळूच टिचकी मारा. माइकवर मारल्यासारखा ‘टक्’ स्पीकरमधून जोरात आला की निदान पक्कं. उपाय म्हणजे पिकअप मेणात बुडवणं, पॅराफिनमध्ये थोडं मधमाशांचं मेण मिसळून, सुमारे ६५ अंशांवर, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही, पेट घेतं. गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचं आणि आत थर्मामीटर हवाच, कारण जास्त तापलं तर प्लास्टिकची रिळं वाकतात. पहिल्यांदाच करत असाल तर जाणत्याकडून करून घ्या. गोव्याच्या हवेत पोलचे स्क्रूही गंजतात, ते कोरड्या ब्रशनं साफ करा. तेल किंवा स्प्रे पिकअपवर मारू नका.

प्रश्न : वडील ब्रिजभूषण काब्रांचं वादन ऐकून हवाईयन गिटार शिकले. त्यांची साधी लाकडी गिटार आता मी वाजवते. कार्यक्रमात माइकपेक्षा पिकअप बरं पडेल का? लाकूड कापावं लागेल का? (सांगली)

उत्तर : कापू नका, गरजही नाही. ध्वनिछिद्रात दोन्ही बाजूंनी चिमटा लावून बसणारं चुंबकी पिकअप घ्या. वायर छिद्रातूनच बाहेर काढा. मात्र आधी तारा बघा. चुंबकी पिकअपला फक्त चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या तारा कळतात. ब्राँझ गुंडाळलेल्या जाड तारांत त्याला आतली पोलादी तारच ऐकू येते, त्यामुळे त्या मागे पडतात आणि पातळ पोलादी तारा पुढे येतात. निकेल गुंडाळलेला संच लावा, तोल बराच सुधारेल.

हवाईयन गिटारीत तारा नटवर उंच असतात आणि फ्रेटवर दाबायच्या नसतात, म्हणून इचलकरंजीच्या उत्तरातलं मोजमाप तुम्हाला लागू नाही. तारा मोकळ्या ठेवूनच अंतर बघा. पिकअप फार वर आणायचा मोह होईल, पण तुमच्या वादनाचा जीव मींडेत आहे. चुंबकानं तारेला धरलं की सूर लवकर विझतो. तीन-चार मि.मी.वर सुरुवात करा, एक लांब मींड घ्या आणि सूर किती वेळ टिकतो ते ऐका. मग पिकअप आणखी थोडं खाली घेऊन तीच मींड पुन्हा घ्या. टिकाव वाढायचा थांबला की तीच तुमची उंची, आवाजाची कसर अँपवर भरून काढा. वरच्या सप्तकात तारांवर सरकवायची पोलादी कांडी पिकअपच्या अगदी जवळ येते तेव्हा तिच्याच हालचालीचा धप्प आवाज होतो. म्हणून पिकअप ध्वनिछिद्राच्या ब्रिजकडच्या कडेला बसवा, नेककडे नको.