फुकटचं अर्पण आणि हलवायाच्या घरावरचं तुळशीपत्र

प्रश्न असा आला आहे: बायबलमधल्या दावीद राजाच्या गोष्टीवरच्या एका ख्रिस्ती प्रवचनात ‘फुकटचं होमार्पण मी देवाला करणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य होतं. देवाच्या संदर्भात ‘फुकट’ जरा गावठी वाटतं, तिथे ‘विनामूल्य’ शोभलं नसतं का? शिवाय ख्रिस्ती मंडळी उपासनेत जे देतात त्याला ‘दान’ न म्हणता ‘अर्पण’ का म्हणतात, आणि ‘बलिदान’ यात कुठे बसतं?

‘विनामूल्य’ घातलं तर त्या वाक्याचा जीवच जाईल. का, ते कळायला गोष्ट थोडक्यात पाहू. राज्यात मरी पसरलेली आहे. गाद संदेष्टा दाविदाला सांगतो की अरवना यबूसीच्या खळ्यावर वेदी बांध. राजा खळ्यावर येतो तेव्हा अरवना सगळंच देऊ करतो: होमासाठी बैल घ्या, जळणाला मळणीची औतं आणि जू घ्या, पैशाचं नाव काढू नका. दावीद ऐकत नाही. तो 50 शेकेल चांदी मोजतो आणि खळं व बैल विकत घेतो. (शेकेल हे वजन, साधारण 11 ग्रॅमचं, म्हणजे अर्ध्या किलोहून थोडी जास्त चांदी. इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात हीच गोष्ट आहे, तिथे त्या जागेची किंमत 600 शेकेल सोनं सांगितली आहे.) पुढे याच खळ्याच्या जागी शलमोनाने मंदिर बांधलं.

आता शब्दाकडे. ‘विनामूल्य’ हा देणाऱ्याचा शब्द आहे. नेत्रतपासणी शिबिराच्या फलकावर तो लिहितात, कारण फलक आयोजकांचा असतो. ‘फुकट’ घेणाऱ्याला चिकटतो. फुकट्या, फुकटफौजदार, फुकटचं खाणं, या सगळ्यांत घेणाऱ्याची थोडी लाज आहे. खळ्यावर ‘विनामूल्य घ्या’ म्हणण्याचा हक्क अरवनाचा. दावीद घेणारा आहे, आणि तो स्वतःला टोचून बोलतो आहे. त्याच्या तोंडी ‘फुकट’च हवं.

मूळ हिब्रूत इथे ‘हिन्नाम’ आहे. तो ‘हेन’, म्हणजे कृपा, मेहेरनजर, यावरून आलेला. मेहेरबानीने मिळालेलं ते फुकट, असा त्याचा प्रवास. ईयोब या बायबलमधल्या देवभिरू माणसाच्या गोष्टीत सैतान देवाला विचारतो की ईयोब तुझं भय काय फुकट बाळगतो, तिथेही हाच शब्द आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात दाविदाच्या वाक्यात ‘दोरेआन’ येतो. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना म्हणतो, ‘तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या’, तिथलाही ग्रीक शब्द ‘दोरेआन’च. मराठी बायबलमध्ये तिथे ‘फुकट’ आहे आणि कुणाला खटकत नाही. देवाकडून येतं ते फुकट, देवाकडे न्यायचं ते मात्र फुकटचं चालत नाही, ही ख्रिस्ती विचारातली जोडी एकाच शब्दावर उभी आहे. एका टोकाला ‘फुकट’ आणि दुसऱ्या टोकाला ‘विनामूल्य’ ठेवलं तर ती जोडी तुटते.

आता अर्पण आणि दान. ‘अर्पण’ हा ‘ऋ’ (जाणे) धातूच्या प्रयोजक रूपातून आला: जायला लावणे, पोहोचतं करणे. दानात घेणारा माणूस असतो, तो पात्र आहे की नाही हे पाहतात, आणि देणारा ‘दाता’ म्हणून एक पायरी वर उभा राहतो. अर्पणात देणारा खाली असतो. दाता म्हणून देवासमोर उभं राहणं कुणालाही अवघडच वाटेल, म्हणून उपासनेतल्या देण्याला ‘अर्पण’ हाच शब्द रुळला असं मला वाटतं. गरिबांना, संस्थेला द्यायचं असेल तेव्हा ख्रिस्ती मंडळीही ‘दान’ म्हणतातच.

पण मला जास्त रस आहे तो पुढच्या गोष्टीत. आपल्याकडच्या यज्ञात आहुती देताना यजमान ‘इदं न मम’ (हे माझं नाही) म्हणतो. मीमांसकांनी, म्हणजे यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, यागाची व्याख्याच देवतेला उद्देशून केलेला द्रव्यत्याग अशी केली आहे. आता ‘न मम’ कोण म्हणू शकतो? आधी ज्याचं ‘मम’ होतं तोच. मराठीने हे शास्त्र एका म्हणीत बसवलं: हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. तुळशीपत्र ठेवणं म्हणजे हक्क सोडणं. तो हलवायाच्या मालावर आपण सोडायचा आणि पुण्य आपल्या खात्यावर. (बुडीत उधारीला ‘कृष्णार्पण’ म्हणणारेही याच जातीचे.) दाविदाने नाकारलं ते हेच तुळशीपत्र. तो राजा होता, खळं यबूसी माणसाचं होतं, आणि यबूसी म्हणजे त्याने जिंकलेल्या नगरीतले जुने रहिवासी. भाव न विचारता घेतलं असतं तर कोण बोलणार होतं? पुढच्या काळात अहाब राजाने नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा, राणी ईजबेलीने रचलेल्या खोट्या खटल्याच्या जोरावर, घेतलाच.

म्हणजे अर्पणाला मोल पडलं पाहिजे आणि ते रास्त मार्गाने आपलं झालेलं पाहिजे, या दोन अटी मुळात एकच. लेवीयाच्या पुस्तकात हे थेट विधीतच घातलं आहे. शेजाऱ्याची ठेव बुडवली, लुबाडलं, सापडलेली वस्तू लपवली, तर मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा ज्याचा त्याला परत द्यायचा, तोही आपला दोषबली आणतो त्याच दिवशी. ‘दोषबली’ किंवा ‘दोषार्पण’ ही मराठी बायबलांतली नावं. देणं न फेडता नुसता मेंढा घेऊन वेदीशी गेलात तर विधी पुरा होत नाही. आमोस संदेष्टा व्यापाऱ्यांना झोडतो ते याच अंगाने: शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस) कधी संपतो आणि धान्य कधी विकायला काढतो, अशी त्यांना घाई; एफा लहान केलेला, शेकेल मोठा केलेला. एफा हे धान्याचं माप, शेकेल हा चांदी तोलायचा दगड. धान्य कमी भरायचं आणि गिऱ्हाइकाची चांदी जड दगडाने तोलून जास्त काढायची. याला मराठीत ‘मापात पाप’ म्हणतात, आणि यमकापुरता का होईना, धर्म तिथेही व्यवहारात शिरला आहे.

ख्रिस्ती उपासनेत हेच पुढे चालू राहिलं. येशू म्हणतो, वेदीशी दान आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर, मग ये. (मराठी बायबल इथे ‘दान’ वापरतं, हे तुमच्या प्रश्नासाठी नोंदवतो, दोन शब्दांमधली भिंत पक्की नाही.) मंदिराच्या भांडारात दोन टोल्या (अगदी क्षुल्लक किमतीची नाणी) टाकणाऱ्या विधवेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. तिच्या लगेच आधी, विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने केलेला प्रहार आहे, तो प्रवचनांत बहुधा गळतो.

इथे ‘कुर्बान’ आलाच पाहिजे. मार्काच्या 7 व्या अध्यायात हा शब्द येतो. एखाद्याने आपलं धन ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेलं असं जाहीर केलं, की आईबापांना त्यातलं द्यायची जबाबदारी टळायची, आणि येशू त्यावर संतापतो. मूळ शब्द हिब्रू ‘कोर्बान’. धातूचा अर्थ जवळ येणे, जवळ आणणे. अरामीतून अरबीत, तिथून फारसीमार्गे आपल्याकडे ‘कुर्बान’ आणि ‘कुर्बानी’ आले. उर्दूतला ‘करीब’ही याच घरातला. केरळचे सिरियन ख्रिस्ती आपल्या प्रभुभोजनाच्या उपासनेला ‘कुर्बाना’ म्हणतात. देवाजवळ नेणारा शब्द आईबापांना लांब ठेवायला वापरला, ही त्या वादातली खरी मेख, पण मराठीत वाचताना ती दिसत नाही, कारण आपल्या ‘कुर्बान’मध्ये जवळीक उरलेली नाही, जीव ओवाळून टाकणं तेवढं उरलं.

अर्पण रास्त कमाईतलंच हवं, हा नियम सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी किती गंभीरपणे घेतला याचं एक उदाहरण मला फार आवडतं. सिरियातल्या तिसऱ्या शतकातल्या ‘दिदास्कालिया’ या नियमग्रंथात बिशपांना बजावलं आहे की गुलामांना छळणारे, खोट्या वजनामापांचे व्यापारी यांचं अर्पण घेऊ नका, कारण त्यावर विधवा आणि अनाथ जगणार आहेत. आणि नाइलाजाने घ्यावंच लागलं तर? त्या पैशांचं जळण आणा, अन्न आणू नका.

दुसरं उदाहरण 1514 मधलं, क्यूबातलं. बार्तोलोमे दे लास कासास हा धर्मगुरू तेव्हा स्वतः मूळ रहिवाशांकडून वेठीने कामं करून घेणारा जमीनदार होता. प्रवचनाच्या तयारीत त्याने सिराखच्या ग्रंथाचा 34 वा अध्याय वाचला (कॅथलिक बायबलमध्ये हा ग्रंथ आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही). अन्यायाने मिळवलेल्यातून दिलेलं अर्पण डागाळलेलं असतं, गरिबाच्या मालमत्तेतून बळी देणं म्हणजे बापासमोर मुलाला मारणं, असं तिथे म्हटलं आहे. त्याने आपल्याकडची माणसं सोडून दिली, जहागिरीवर पाणी सोडलं आणि पुढचं आयुष्य त्या व्यवस्थेविरुद्ध भांडण्यात घालवलं.

राहिला ‘बळी’. ‘अन्नबली’ वाचून काही जण बुचकळ्यात पडतात की पिठातेलाचा बळी कसला. संस्कृतात ‘बलि’ म्हणजे नुसतं रक्त नव्हे. रघुवंशात दिलीप राजा प्रजेकडून ‘बलि’ घेतो, तो कर. श्राद्धातला काकबळी भाताचाच असतो. योगायोग असा की अन्नबलीसाठीचा हिब्रू शब्द ‘मिन्हा’ हाही राजाला द्यायच्या खंडणीसाठी, नजराण्यासाठी वापरतात. मवाबी लोक दाविदाला देत होते ती खंडणी मिन्हाच. तेव्हा जुन्या भाषांतरकारांनी ‘बली’ निवडला तो अगदी चपखल.

‘बलिदान’ मात्र आजच्या मराठीत प्राणाशी बांधला गेला आहे. ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या मरणासाठी तो योग्य, वसईकडे प्रभुभोजनाच्या उपासनेला ‘मिस्साबलिदान’ म्हणतात तेही त्याच मरणाच्या स्मरणामुळे. उपासनेत फिरणाऱ्या थैलीतल्या नोटेसाठी तो वापरू नका, ती कितीही मोठी असली तरी. तिथे ‘अर्पण’ पुरतो.