माणूस नको, पैशाची वाट तपास

प्रिय,

"ऑनलाइन ओळखीतून प्रेम जुळलंय, पण समोरचा माणूस खरा आहे हे कसं ओळखू?" असं तू विचारलं आहेस. नुसत्या बोलण्यावरून ते कोणालाच ओळखता येत नाही. एका प्रोफाइलमागे कधीकधी तिघंचौघं पाळीपाळीने टाइप करत असतात आणि गोड बोलणं हीच त्यांची नोकरी असते. फोटो गूगल लेन्सवर टाकून बघ. व्हिडिओ कॉलवर चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांग, मान पूर्ण वळवायला सांग. यात नापास झाला तर खोटा, पण पास झाला तरी काहीच सिद्ध होत नाही. पैसे कुठे जातात ते मात्र तपासता येतं.

जुना प्रकार पार्सलचा. परदेशातला डॉक्टर नाहीतर इंजिनिअर भेट पाठवतो, मग 'कस्टम'मधून फोन येतो: ड्युटीचे पस्तीस हजार भरा. भरलेस की 'पार्सलमध्ये परकीय चलन सापडलंय', आता दंड लाखाचा. इथे एकच गोष्ट बघायची, खातं कोणाच्या नावावर आहे. सरकारी ड्युटी कुणा व्यक्तीच्या बचत खात्यात किंवा यूपीआयवर भरली जात नाही. कस्टमच्या पत्रावर डिन नावाचा क्रमांक असतो, तो सीबीआयसी या कस्टम खात्याच्या केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

हल्ली जास्त चालतो तो गुंतवणुकीचा डाव, आणि तो फार सावकाश शिजतो. महिनाभर पैशाचा विषयच निघत नाही. मग सहज, "माझे काका ट्रेडिंग करतात, तुलाही शिकवते." लिंकवरून ॲप उतरवायचं, प्ले स्टोअरवरून नाही. तू पाच हजार घालतेस किंवा घालतोस, स्क्रीनवर साडेसहा दिसतात, दोन हजार काढून बघितले तर खरोखर खात्यात येतात. ते दोन हजार म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. स्क्रीनवरचा नफा हा नुसता आकडा, तो कोणीही टाइप करू शकतो. पुढे मोठी रक्कम काढायला गेलं की 'आधी वीस टक्के टॅक्स भरा'. खरा ब्रोकर तुझेच पैसे तुला देण्यासाठी वरून टॅक्स मागत नाही. दर वेळी पैसे भरायचं खातंही वेगळं: एकदा कापडवाल्याचं, एकदा मोबाइल दुकानाचं. ही भाड्याने घेतलेली खाती. ब्रोकर म्हणवणाऱ्याचा यूपीआय आयडी आणि खातं आधी शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या 'सेबी चेक' या सोयीवर टाकून बघ.

तुझं स्वतःचं खातंही असंच भाड्याने जाऊ शकतं. "माझे पैसे तुझ्या खात्यात येऊ दे, तू पुढे पाठव" हे प्रेमात साधं वाटतं. पण ते पैसे दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतात, त्याची तक्रार आली की खातं गोठतं आणि पोलिसांची नोटीस तुला येते.

खाजगी फोटोंवरून धमकी आली तर पैसे देऊ नकोस, दिले की दुसरी मागणी येतेच. स्टॉपएनसीआयआय या संकेतस्थळावर फोटो तुझ्या फोनमध्येच राहतो, तिथे जातो तो त्याचा डिजिटल ठसा. सहभागी समाजमाध्यमं त्या ठशावरून तो फोटो अडवतात. ही सोय अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे.

पैसे गेलेच असतील तर लाज नंतर. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, मग बँकेला. घाई एवढ्यासाठी, की पैसे तासाभरात चारपाच खाती ओलांडतात, आणि ज्या खात्यात ते अजून शिल्लक आहेत तिथेच रोखता येतात. हाताशी ठेव: यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ, समोरच्याचा आयडी. १९३० लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भर आणि पोच क्रमांक जपून ठेव. चॅट रागाने डिलीट करू नकोस, आधी एक्स्पोर्ट कर, मग ब्लॉक.

काही आठवड्यांनी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, फी फक्त पाच हजार' असा फोन येईल. तुझा नंबर त्याच टोळीने विकलेला असू शकतो. त्याला उत्तरच देऊ नकोस.