रजेच्या अर्जात आजाराचं नाव लिहावं का?

प्रश्न : ऐरोलीत एका आयटी कंपनीत टीम लीड आहे. टीममधला एक हुशार मुलगा हल्ली गप्प असतो, डबा एकटाच खातो, कामात चुका करतो. त्याला विचारू कसं?

डोळ्यांना दिसलं तेवढंच बोला. 'तुला डिप्रेशन आलंय का?' हे विचारणं तुमचं काम नाही. काचेच्या मीटिंग रूममध्ये सगळ्यांदेखत बोलावू नका. खाली चहाला न्या आणि म्हणा, "गेल्या दोन्ही रिपोर्टांत आकडे चुकले. तुझं असं होत नाही कधी. काही जड जातंय का?" मग गप्प बसा. आपल्याला नेमकं तेच जमत नाही, लगेच 'अरे, योगा कर' सुरू होतं. "काही नाही" म्हणाला तर आठवड्याने पुन्हा विचारा. बोललाच, तर काय हलकं करायचं ते त्यालाच ठरवू द्या. न विचारता सगळं काम काढून घेतलं की माणूस आणखी खचतो.

जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल तर एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये अकाउंट्सला आहे. नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्यात, डॉक्टरांनी दोन आठवडे रजा घ्यायला सांगितलंय. एचआरला काय सांगू?

आजाराचं नाव अर्जात लिहू नका. 'वैद्यकीय कारणास्तव विश्रांती आवश्यक' एवढं सर्टिफिकेट बहुधा पुरतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. 'ह्याला ठाण्याला पाठवा' हा विनोद तिथल्या 1901 सालच्या मनोरुग्णालयाच्या जिवावर ऑफिसांत अजून चालतो, तेव्हा तुमची धास्ती मला समजते.

सांगायचं ते कामापुरतं. सकाळी गुंगी राहत असेल तर तासभर उशिरा यायची परवानगी मागा. आणखी एक : या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे रजा संपेल तेव्हा कदाचित फारसा फरक वाटणार नाही. घाबरून गोळ्या बंद करू नका; रजा वाढवायची का, ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. कामगारांच्या मानसिक आरोग्यासाठी समुपदेशक ठेवणं परवडत नाही. काय करता येईल?

पाळ्यांपासून सुरुवात करा. सकाळ, मग दुपार, मग रात्र या क्रमाने बदल झाला तर झोपेला सोपं जातं. उलट्या क्रमाने त्रास होतो. पाळ्यांचा तक्ता आधीच लावा, आयत्या वेळी 'आज डबल मार' नको. आणि सुपरवायझर कामगारांशी कोणत्या भाषेत बोलतो, ते एकदा शॉप फ्लोअरवर उभं राहून ऐका. भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा याचा उपयोग जास्त.

प्रश्न : मेडिक्लेममध्ये मानसिक आजार बसतो का?

बसायला हवा. वर सांगितलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार शारीरिक आजारांच्याच धर्तीवर विमा देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. ओपीडीची फी आणि गोळ्या मात्र बऱ्याच पॉलिसींत बसत नाहीत. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, कंपनीकडे तक्रार करा आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालांकडे जा.