रिमार्कची वही आधी बाजूला ठेवा

प्रश्न: यंदाच मुख्याध्यापिका झालेय. कोणाच्याही तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले की टेन्शनच येतं त्यांना, परवा एका सरांचं तर फळ्यावरचं साधं गणित चुकलं. मग शिकवणं सुधारायचं कसं?

उत्तर: अहो मॅडम, रिमार्क लिहायला वही घेऊन बसलात तर इन्स्पेक्शनच वाटणार ना. जपानमध्ये लेसन स्टडी करतात तसं करून बघा, तीन-चार शिक्षकांनी मिळून एक पाठ तयार करायचा, एकाने शिकवायचा आणि बाकीच्यांनी सरांकडे नाही, मुलांकडे बघायचं, कोण कुठे अडलं, कोणी शेजाऱ्याचं बघून उत्तर लिहिलं, नंतर चर्चाही त्यावरच. पहिला तास तुम्हीच घ्या, बसू देत त्यांना मागे. आणि हे शाळा सुटल्यावर थांबवून नको हं, टाइमटेबलमध्येच पिरियड काढून द्या.